माझा फोन ताईकडे

घाटंजीत माझा गुराढोरांचा दवाखाना आहे. दवाखाना एका जागी आहे, मी नसते. चिमटे उकळायला ठेवायचे, तेवढ्यात फोन वाजायचा, बोलत बोलत कपाटाशी जायचं, उघडलंच आहे तर औषधं लावून टाकू म्हणायचं, आणि भांडं जळाल्याचा वास आला की धावायचं. सकाळी कुणाला "येते" म्हटलेलं दुपारी आठवायचं, तेही भलत्याच गावाच्या वाटेवर. जनावर समोर असलं की हात चुकत नाही. घोळ होतो तो एक जनावर सोडून दुसऱ्याकडे निघताना.

झोप लागत नाही म्हणून यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लहानपणापासूनचं सगळं विचारून घेतलं आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या. वर म्हणाले, गोळी काही तुमचे फोन उचलणार नाही. जी कामं डोक्यात टिकत नाहीत ती दुसऱ्या माणसाला देऊन टाका. ऐकून मला रागच आला. एवढ्या मोठ्या बाईला सांभाळायला माणूस ठेवायचा?

तरी ठेवला. जवळच्या तांड्यावरची एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, झेरॉक्सच्या दुकानात होती आणि ते दुकान बंद पडलं होतं. मी तिला ताई म्हणू लागले, ती मला मॅडम.

पण काम देणं मला जमेना. "त्या गाईवाल्याला कळवा" एवढं बोलून मी बाहेर. कोणती गाय, काय कळवायचं, हे तिनं विचारेपर्यंत स्कूटी सुरू झालेली असायची. कधी सगळं सांगायला बसलेच, तर दुसऱ्या वाक्याला पाय हलायला लागत. सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपणच करून टाकू, म्हणून फोन ओढून घ्यायची. ती स्टुलावर बसून बघत राहायची.

एका सकाळी ती म्हणाली, "मॅडम, काम मले सांगता अन् करता तुम्हीच. मंग मी अठी कायले बसून राह्यली?"

तेवढ्यात कळंबकडच्या एका गावातून फोन आला, म्हैस विताना अडली होती. पिशवी घेऊन निघाले तर ताई दारात उभी. तिनं फोन मागितला. मी म्हटलं, वाटेत लागेल. ती म्हणाली, वाटेत तुम्ही गाडी चालवान. दिला शेवटी.

रस्ताभर हात खिशाकडे जात होता. दोनदा गाडी थांबवली, वाटलं परत फिरावं. कालच्या कालवडीला इंजेक्शन द्यायचं होतं, कुणाचा बैल लंगडत होता, कुणाला आज येते म्हटलं होतं, काहीच धड आठवेना आणि विचारायचं कुणाला?

गोठ्यात पोचले. पोटातल्या रेडकाची मान मागं वळलेली होती. एरवी अशा वेळी फोन वाजला की मी जनावराच्या मालकाला तो माझ्या कानाशी धरायला लावायची. आज काहीच वाजलं नाही. डोकं मात्र गावोगाव हिंडत होतं. मग बोटांना रेडकाचा जबडा लागला, आणि त्यानंतर बराच वेळ मी कुठेच गेले नाही. मान सरळ झाली, दोरी लावली, मालकानं ओढलं. रेडकू शिंकलं.

हात धुतले आणि लगेच बाकीची गावं आठवली. मालकाचा फोन घेऊन माझाच नंबर लावला.

"मॅडम कामात हायेत. काय झालं ढोराले?"

"ताई, मीच आहे."

"मंग मले कायले फोन लावला? म्हैस पाहा न."

मालक हसला. मी थांबले, रेडकामागून म्हशीची वार पडेपर्यंत. असं थांबणं मला क्वचितच जमलं होतं.

परतले तेव्हा कळलं, लंगड्या बैलाच्या मालकाला तिनं उद्याची वेळ दिली होती, ते बरोबर होतं. पण पोट फुगलेल्या बकरीच्या मालकालाही उद्याचीच वेळ दिली होती. मी तशीच बकरीकडे पळाले. नळी घालून वायू काढला, बकरी वाचली. परत आले तर ताईचा चेहरा उतरलेला. तिला बोलण्यात अर्थ नव्हता. काय थांबू शकतं आणि काय नाही, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी सांगितलं. बसून जमेना, म्हणून खोलीत येरझाऱ्या घालत. पोटफुगी, अडलेलं जनावर, सापानं चावलेलं, यांना लगेच निघायचं. ती मान इकडून तिकडे फिरवत ऐकायची आणि प्रत्येक गोष्ट मला उलट म्हणून दाखवायची. कुठे चुकली की मी जागीच थांबून पुन्हा सांगायची. तेव्हापासून आमचं असंच चालतं. मी एकदा मोठ्यानं सांगायचं, तिनं म्हणून दाखवायचं, मग मी त्यात हात घालायचा नाही. हे शेवटचं अजून रोज पाळलं जात नाही.

पण "येते" म्हटलेल्या गावाला आता मी जाते. परवा दुपारी तर हातात काहीच काम उरलं नाही. काय करावं कळेना. मी खराटा घेऊन अंगण झाडायला लागले.

"बसा न मॅडम जराशा," ताई आतून म्हणाली.

"बसते," म्हटलं, आणि झाडत राहिले.