मुलगी बघायला वसईच्या किल्ल्यात

आमचं लग्न वसईच्या किल्ल्यात ठरलं, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला उगाच काहीतरी ऐतिहासिक वाटतं. ऐतिहासिक एवढंच, की मी त्या दिवशी जवळजवळ हरलोच होतो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी मुलुंडला राहायचो, विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून होतो. बोरिवलीच्या आत्यानं तिच्या शेजारची मुलगी सुचवली. मुलीचे वडील शाळामास्तर, सुधारक मताचे. "पोहे-बिहे नकोत. दोघं चार तास फिरू देत, बोलू देत," म्हणाले. आत्यानं लगेच भर घातली, "आमच्या मुलाला किल्ल्यांचं भारी वेड!" माझं वेड म्हणजे एक छोटं पुस्तक, तेही अर्ध्यात सोडलेलं. पण मुलीचा फोटो बघितला होता. नाही म्हणवेना.

रविवारी सकाळी मास्तर, मुलगी आणि मी एस.टी.नं तटाच्या दरवाजाशी उतरलो. आत अख्खं गावच आहे. दगडी रस्ते, विहिरी, छप्पर उडालेली देवळं पोर्तुगीजांची, आणि सगळ्यावर वडा-पिंपळाची मुळं. मी पुढे, हात मागे बांधून.

"हे काय?" मुलीनं विचारलं.

"दारूकोठार."

"एवढ्या मोठ्या खिडक्यांचं?"

"वारा लागला पाहिजे ना," मी म्हणालो. मास्तर खोकले. ती खाली बघून चालत होती. ती लाजतेय, असा माझा समज. हसू दाबतेय हे मला लग्नानंतर कळलं.

बारा वाजता मास्तर म्हणाले, "चला आता, साडेबाराची एस.टी. चुकली तर पुढची तीन तासांनी." मी मागे वळलो, आणि सगळे रस्ते सारखेच. ऊन डोक्यावर, सावली पायाखाली. दिशा कळायला काही मार्ग नाही. एवढ्यात तटाच्या फटीतून पाणी चमकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"ती पूर्व!" मी म्हणालो. मुलुंडला खाडी पूर्वेला. जन्मभर मिठागरांच्या बाजूला पूर्व बघितलेली. "स्टेशन पूर्वेला, म्हणजे एस.टी.चा दरवाजाही तिकडेच."

"पाणी पूर्वेला कसं असेल?" मुलगी म्हणाली. "आमच्याकडे खाडी पश्चिमेला असते. पाण्याकडे पाठ करून चला."

"अहो, तुमची बोरिवली वेगळी."

"आणि तुमचं मुलुंड?"

मास्तर सभ्य माणूस. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी माझी दिशा धरली. काट्यांतून, गवतातून, मुलीच्या नव्या साडीला कुसळं लावत मी दोघांना एका भल्यामोठ्या दरवाजात आणलं. बाहेर चिखल, होड्या, आणि दोरीवर वाळत घातलेले बोंबील. एक कोळीण बसली होती.

"मावशी, एस.टी. कुठं मिळते?" मुलीनं विचारलं. मला मात्र इतका वेळ ते सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं होतं, पण विचारायचं कसं? मी किल्ल्यांचा वेडा!

"अगो पोरी, यष्टी मागं ऱ्हायली. ही दक्षिण. ह्यानं आनलं का तुला हिकडं?" तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "लगीन झालंय का अजून व्हायचंय?"

"व्हायचंय," मास्तर म्हणाले.

"मग इचार करा."

म्हणजे पाणी पूर्वेलाही नाही आणि पश्चिमेलाही नाही. हिचं कारण चुकीचं पण वाट बरोबर. माझं दोन्ही चुकीचं. एस.टी. अर्थातच गेली. तीन तास आम्ही थांब्यावर बसलो. मास्तर जरा बाजूला गेले तेव्हा तिनं विचारलं, "ते दारूकोठार नक्की काय होतं हो?"

आता लपवण्यासारखं उरलं होतं काय? "माहीत नाही," मी म्हणालो. "बहुतेक देऊळ असावं."

ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. मास्तरांनी वळून बघितलं.

पुढचे चार दिवस मी कारखान्यात बेरजा चुकवत होतो. मग आत्याचं पोस्टकार्ड आलं. आईनं मोठ्यानं वाचलं: "मुलीचा होकार आहे. मात्र प्रवासात वाट विचारायची ती विचारेल, मुलानं मध्ये बोलायचं नाही, असं कळवायला सांगितलं आहे."

आईनं पुन्हा वाचलं. "काय रे, काय झालं होतं तिकडे?"

"काही नाही," मी म्हणालो. "मंजूर आहे म्हणून कळव."