रानातल्या हॉप्सची बिअर

लग्नानंतर कितीतरी वर्षं माझ्या वडिलांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आम्ही कोकणातले हिंदू, नवरा बौद्ध. एवढं कारण त्यांना पुरलं. नात झाल्यावर मात्र दर रविवारी घाटकोपरहून मुलुंडला यायचे, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. ती बाटली पाहिली की माझं डोकं फिरायचं. नवरा म्हणायचा, "येतात ना? बस झालं."

त्याला घरी बिअर करायचा नाद होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो केमिस्ट. ट्रेनिंगसाठी विलायतेला गेला आणि पेल एल नावाच्या फिकट बिअरचं वेड घेऊन आला. घरी बिअर करणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांना आम्ही आयुर्वेदिक काढा सांगायचो. मटकीसारखे जवाला मोड आणायचे, गॅलरीत वाळवून भरडायचे, त्याचं गोड पाणी हॉप्सची फुलं टाकून उकळायचं आणि निवल्यावर बेकरीतलं यीस्ट घालायचं. कडूपणा आणि वास त्या वाळक्या फुलांचा.

पण हॉप्स इथे मिळणार कुठे? कारखान्यातला हिमाचलातल्या लाहौलचा मित्र सुट्टीहून येताना आणून द्यायचा. त्या वर्षी त्याने शेतातल्याऐवजी डोंगरातल्या रानवेलीची फुलं आणली. संत्र्याच्या सालीसारखा वास. नवरा हरखला. ती किती कडू ते कोणालाच ठाऊक नव्हतं. याने आपली नेहमीच्या मापाने ओतली.

पहिली बाटली उघडली त्या रविवारी वडील समोरच बसले होते. गिरणी बंद पडल्यापासून ते गप्पगप्पच असत, पण बाटली फसफसली तशी मान वळली.

"घेणार का, बाबा?" नवऱ्याने विचारलं. मी डोळे वटारले. कशाला अपमान करून घ्यायचा? पण वडिलांनी चक्क हात पुढे केला. पाण्याला विटाळ होता, बिअरला नसावा. मला हसू नाही आलं, चीड आली.

त्यांनी मोठा घोट घेतला आणि चेहरा वेडावाकडा झाला. जोराचा ठसका लागला.

"मेल्या, ह्येका बिअर म्हणतत? ह्यो किरायताचो काढो!" पोटात जंत झाले की लहानपणी ते आम्हाला हाच कडूजहर काढा पाजायचे. जावयाशी ते थेट बोलले ते हे पहिल्यांदा. मग माझ्याकडे वळले. "गे बाय, पाणी दी!"

त्यांची बाटली खुर्चीपाशीच होती, भरलेली. तीच उचलून द्यावी का, कळेना. शेवटी माठातलं पाणी आणलं. त्यांनी ग्लासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घटाघटा प्यायले. ठसका लागला म्हणून प्यायले, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला बजावत राहिले.

ठसका थांबला. नात त्यांच्या मांडीवर चढून बसली. नवरा बिचारा अजून रानफुलांनाच दोष देत होता. वडिलांनी पाण्याचा रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"आणखी दी," म्हणाले.