नवरीची चोळी

बनुबाईनं मापाला टेप कधी वापरली नाही. समोर उभ्या राहिलेल्या बाईकडे ती एकदा बघायची, फार तर खांद्यावर वीत ठेवायची, आणि खण उलगडून कात्री लावायची. म्हसवडच्या शिंपी आळीत तिचा नवरा जालिंदर मशीनवर गड्यांच्या पैरणी शिवायचा. बायकांच्या चोळ्या मात्र बनुबाईच्या हातच्या, सुईदोऱ्याच्या. बाजारच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून बाया खण घेऊन यायच्या. शेजारची आक्काताई म्हणायची, "बनीची चोळी घातली की कापड कुठं आन कातडी कुठं, कळत न्हाई बया."

बासष्ट साली उजव्या छातीत गाठ आली. मिरजेच्या दवाखान्यात ती छातीच काढून टाकली. आळीत सांगितलं, पोटातली गाठ होती. खरं चौघांनाच माहीत होतं: ती, जालिंदर, मुलगी लीला आणि धाकटी जाऊ येसूबाई. पिंजलेल्या कापसाची पुरचुंडी करून ती चोळीच्या रिकाम्या बाजूला बसवायची. स्वतःची चोळी तिनं अशी बेतली होती की कुणाला काही उमगलं नाही.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट बदलली. नवरीची चोळी घेणं थांबवलं. आमच्याकडे नवरीची चोळी शिवणारी सवाशीण लागते, आणि ती अंगानं धड लागते. ही रीत आळीला शिकवली होती ती बनुबाईनंच. कुणी नवरीचा खण घेऊन आलं की ती म्हणायची, "डोळ्याला कमी दिसतंय. दुसरीकडं द्या."

दोन वर्षांनी पाठ दुखायला लागली. पुन्हा मिरज. डॉक्टर जालिंदरला घेऊन व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ बोलले. परत येताना स्टँडवर जालिंदरनं तिला गरम भजी घेऊन दिली. एवढ्या संसारात त्यानं असं कधी केलं नव्हतं. तिनं एक भजं खाल्लं आणि पुडी मिटून ठेवली.

"हाडात गेलंय का?"

तो एस.टी.ची पाटी वाचत राहिला.

मग रोजचे दिवस. सकाळी उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, दम खायचा, मग खांबाला बांधलेली दोरी धरायची. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. बांगड्या कापून काढाव्या लागल्या, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. भिंतीला टेकून ती चार टाके घालायची, डोळे मिटायची, पुन्हा चार घालायची. पुढे पुढे ते चारही होईनात. आलेले खण घडी न मोडता परत जाऊ लागले. गोळीनं दुखणं तासभर लांब जायचं आणि परत यायचं.

त्या माघात लीलाचं लग्न आटपाडीच्या स्थळाशी ठरलं. जालिंदर सगळ्यांना सांगायचा, "औंदा मुहूर्त चांगला हाय." घाई कशाची आहे ते आळीला कळत होतं. लोक मान हलवायचे.

लीलानं हिरवा खण आईच्या मांडीवर ठेवला.

"मला तुजीच चोळी पायजे."

"येसूकाकी शिवंल."

"काकी? तिनं शिवलेली पिशवी बी फाटती."

दारात तांदूळ निवडत बसलेली येसूबाई म्हणाली, "ऐकतीया मी, भवाने."

लीला हसली नाही. "आई, कुनाला कळनार हाय?"

"मला कळंल," बनुबाई म्हणाली. "धड अंगाची बाई लागती. माजी सावलीबी नको त्या खनावर."

"आन तुला काय झालं तर? मग मी तुजं काय घिऊन जायाचं?"

बनुबाईनं डाव्या हातानं खण उचलला आणि जावेपुढे सरकवला.

येसूबाईनं आठ दिवस खपून चोळी शिवली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लीलानं ती घातली. पुढची गाठ बसली, पण हात वर होईना. बगलेत कापड करकचून ताणलं. माळ घालायला हात तर वर करावेच लागणार. बगलेतला तिकोनी तुकडा येसूबाईनं फार लहान कापला होता.

"तुमी सांगा, मी उसवून शिवते," ती कसनुशी होऊन म्हणाली. मशीन नवरीच्या चोळीला लावत नाहीत.

बनुबाई सांगू लागली. "हितं जरा... न्हाई, तिरकं धर. कापड वढ घेतंय का बघ, तसं सोड..." तिला शब्दच सापडेनात. जे सांगायचं ते आजवर बोटांनीच केलेलं होतं. तोंडाला ते कधी लागलंच नव्हतं. येसूबाईनं दोनदा शिवलं, दोनदा उसवलं. खण विरायला लागला.

बनुबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दार लाव, लीले. आन हिकडं."

येसूबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि चोळी दिली.

लीलानं सुई ओवून दिली. बनुबाईनं ती उजव्या हातात घेतली. सुजलेला अंगठा बोटापर्यंत पोचेना. सुई मांडीवर पडली. लीलानं उचलून दिली, पुन्हा पडली. तिनं डाव्या हातानं टाका घालून बघितला. कापड चुरगळून गोळा झालं. बाहेर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या आणि कुणीतरी लीलाला हाका मारत होतं.

"ऱ्हाऊ दे, आई."

"थांब."

"ऱ्हाऊ दे गं."

शेवटी येसूबाईनं तुकडा होता तसाच बसवला. "हात बेतानं उचल," तिनं लीलाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बनुबाईला मांडवात खांबाला टेकवून बसवलं होतं. अंतरपाट सरला. लीलानं बेतानं हात उचलले, पण नवरा उंच होता. तिला टाचा उचलाव्या लागल्या. अक्षता पडत होत्या. आक्काताई बनुबाईच्या कानाशी म्हणाली, "किती गोड दिसतीया, बघितलंस का?"

बनुबाईनं मुलीचं तोंड बघितलंच नव्हतं. तिची नजर बगलेवर होती. शिवण आधी एक टाका सुटली, मग तीन, मग बोटभर उघडली. लीलाचा हात लगेच खाली आला आणि शालूचा पदर तिथं गच्च दाबून राहिला. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही.

टाकायला दिलेल्या अक्षता बनुबाईच्या मांडीवर तशाच राहिल्या. उजवा हात वर जात नव्हता.