खालच्या आळीचं पाणी

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी नोंदवलेले बरेचसे गुन्हे आता मला आठवत नाहीत. हे एक प्रकरण मात्र मनातून जात नाही, आणि त्यात शेवटी गुन्हा दाखलच झाला नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला, जालन्याच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. ती सगळी अजून तिथंच राहतात आणि एकमेकांशी नीट वागतात. ते बिघडावं अशी माझी इच्छा नाही.

सकाळची हजेरी झाली होती. ड्युट्या वाटून मी समन्सचा गठ्ठा चाळत बसलो होतो. तेवढ्यात त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"सायेब, गावात हगवन-उलट्या लागल्या. खालच्या आळीत घरोघरी पेशंट आहे. अन् लोकं म्हनून राह्यले का नळवाल्यानं टाकीत औषध टाकलं. त्याले पंचायतीत कोंडलं. तुम्ही लवकर या, मले हे लोकं आवरत नाहीत."

खेड्यात औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. मी हवालदाराला आणि चार शिपायांना घेऊन निघालो. हवालदार निवृत्तीला आलेला होता. कमी बोलायचा, पण बघायचा सगळं.

पंचायतीसमोर दोनशे माणसं असतील. आरडाओरडा फारसा नव्हता, आणि मला त्याचीच काळजी वाटली. ओरडणारी गर्दी थोड्या वेळानं दमते. गप्प उभी असलेली गर्दी कुणाची तरी वाट पाहत असते. पुढं तिशी-पस्तिशीचा एक शेतकरी उभा होता. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला पहाटेच बुलढाण्याला हलवलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "सायेब, त्याले आमच्या हाती द्या नाही तं तुम्ही घेऊन जा. पन गावात ठेवू नका."

मी नळवाल्याला गाडीत घातलं. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. बौद्ध वस्तीत राहणारा, वीस वर्षं गावाला पाणी सोडणारा. शर्टाची बाही फाटली होती आणि ओठ फुटला होता. निघण्याआधी मी टाकीचा पुरवठा बंद करवला आणि तालुक्याहून टँकर मागवला. आरोग्य पथक नमुने घेत होतं, पण अहवाल यायला काही दिवस लागणार होते. डॉक्टर म्हणाले, "गॅस्ट्रोसारखं दिसतंय. पण विषबाधा नाहीच, असं मी आज लिहून देणार नाही."

ठाण्यात येऊन स्टेशन डायरीत नोंद केली आणि जबाब घ्यायला बसलो. त्याच्याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. आदल्या दिवशी पहाटे तो पिशवी घेऊन टाकीवर चढलेला दिसला होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या ग्रामसभेत खालच्या आळीतले लोक पाण्याच्या वेळेवरून त्याला नको ते बोलले होते, आणि तो भर सभेत म्हणाला होता, "एक दिवस कळन तुम्हाले पान्याची किंमत." तिसरी गोष्ट त्या मुलीच्या बापानं सांगितली. आदल्या संध्याकाळी नळवाला खालच्या आळीच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघ्यावर बसलेला त्यानं स्वतः पाहिला होता.

"पिशवीत काय होतं?"

"ब्लिचिंग पावडर, सायेब. रोजच टाकतो."

"सभेत धमकी दिलीस?"

"राग आला होता. बोललो."

"आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात काय करत होतास?"

"काम होतं."

"कसलं काम?"

दुपारपर्यंत मी तोच प्रश्न आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या पद्धतीनं विचारला. बाकी सगळ्याला तो उत्तर द्यायचा, या एका प्रश्नाला नाही. मध्येच मान वर करून मलाच विचारायचा, "सायेब, पोट्टी कशी आहे?"

मी त्याचा अर्थ माझ्या धंद्याप्रमाणे लावला. मुलगी दगावली तर कलम वाढेल, ही त्याला भीती, असं मी धरून चाललो. आज लिहितानाही याची लाज वाटते. पोलिसाला माणसं ओळखता येतात असा लोकांचा समज असतो आणि पोलिसाचाही असतो. खरं म्हणजे आपण ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द आपल्याला संशयाला पोषकच ऐकू येतो.

त्याला तसाच बसवून ठेवता येणार नव्हता. चोवीस तासांच्या आत अटक दाखवा, नाहीतर सोडा. आणि सोडलं असतं तर गावानं त्याचं काय केलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेखनिकाला अटकेचे कागद तयार करायला सांगितले. सगळे कागद टाईप होऊन माझ्या टेबलावर आले. सहीसाठी मी पेनाचं टोपण काढलं होतं.

तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. अंगावर आशा सेविकेची साडी, डोक्याला उन्हासाठी बांधलेला स्कार्फ, हातात कापडी पिशवी. वीस किलोमीटर स्कूटी चालवून आली होती. पहाऱ्यावरच्या शिपायानं तिला बसायला सांगितलं होतं. ती बसली नव्हती.

"सायेब, मी त्याच गावची आशा आहे. दोन मिनिटं पाहाल का?"

तिनं पिशवीतून चार छोट्या बाटल्या काढून माझ्या कागदांवरच मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं होतं: टाकी, शाळा, चावडी, खालची आळी. पहिल्या तीन बाटल्यांतलं पाणी होतं तसं होतं. चौथीतलं डांबरासारखं काळं पडलं होतं.

"हे काय आहे, ताई?"

"पानी तपासाच्या बाटल्या आहेत. ट्रेनिंगमध्ये दिल्या आमाले. पानी भराचं अन् एक दिवस ठेवाचं. खराब असलं का काळं पडते. काल सकाळी पयला पेशंट आला तवाच मी चार ठिकानचं पानी भरून घेतलं. नळ बंद व्हायच्या आधी."

"मग याचा अर्थ काय?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाकावर बसलेल्या नळवाल्याकडं. "सायेब, टाकीत टाकलं असतं तं चारही बाटल्या काळ्या झाल्या असत्या. अन् या बाटल्या नालीच्या घानीनं काळ्या होतात. फवारनीच्या औषधानं नाही होत. जे काही झालं ते टाकीच्या खाली झालं, आळीत जानाऱ्या पाइपात."

मी पेनाचं टोपण लावलं.

"कालच का नाही सांगितलंस?"

"काल बाटली काळी कुठं झाली होती? नुसतं माह्या मनातलं सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं का?"

खरं उत्तर 'नाही' असंच होतं. मी गाडी काढायला सांगितली.

नळवाल्याला आणि दोन पंचांना घेऊन आम्ही व्हॉल्व्हच्या त्या खड्ड्यापाशी गेलो. आळीची नाली तुंबून खड्डा काठोकाठ भरला होता. हवालदारानं पँट वर सारून बादलीनं पाणी उपसलं. तळाशी पाइपाचा सांधा दिसला. सांध्याभोवती सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळलं होतं, वरून तारेनं आवळलं होतं. काम नवं होतं. रबर सोडल्यावर सांध्याला बोट जाईल एवढी फट दिसली.

म्हणजे खड्ड्यात बसून हा माणूस पाइप फोडत नव्हता, बांधत होता.

"हे सांगायला काय हरकत होती तुला?" मी विचारलं. तो वाकून सोडलेलं रबर गोळा करायला लागला.

हवालदार चिखलाचे हात पुसत म्हणाला, "सायेब, फट असली तं नळाचं पानी बाहीर फेकलं जाते. बाहीरचं आत जाले कोनी तरी ओढनारं पाह्यजे. इथं पुढं कोनाची तरी टिल्लू मोटर लागली असन."

नळाला थेट लावायची ही छोटी मोटर. तिला बंदी असते, तरी खेडोपाडी ती लपवून वापरतात. मी गोळा झालेल्या लोकांना विचारलं. कुणाकडंच नव्हती. मग नळवाल्याला विचारलं, "कुणाची मोटर आहे?" त्यानं ओठ घट्ट मिटले. तेव्हा मला कळलं की कालपासून तो स्वतःला नव्हे, दुसऱ्याला वाचवत होता.

उत्तर आळीच्या टोकाकडून आलं. तिथं थोड्या चढावर एका निवृत्त शिक्षकांचं घर होतं. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. आदल्या पहाटेपासून ते बायकोजवळ दवाखान्यात होते आणि नुकतेच कपडे न्यायला परतले होते. शेजाऱ्याकडून त्यांना सगळं कळलं. पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू दोन्ही हातांनी धरून ते चालत आले. ती त्यांनी माझ्या पायाशी ठेवली.

"त्याले नका विचारू, साहेब. मोटर माझी आहे."

त्यांच्या घरापर्यंत पाणी चढत नव्हतं. बायकोचे गुडघे गेलेले, ती हंडा उचलू शकत नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोटर लावली. नळवाल्याला माहीत होतं. त्यानं कानाडोळा केला. तीन दिवसांपूर्वी त्याला सांधा गळताना दिसला. नवा सांधा देऊळगाव राजाहून आणावा लागणार होता. तोवर मोटर लावू नका, असं त्यानं गुरुजींना बजावलं होतं.

"पण परवा मुलगा-सून यायचे होते," गुरुजी म्हणाले. "टाकं रिकामं होतं. मी दहा मिनिटं लावली, फक्त दहा. याले आवाज गेला, हा धावत आला अन् पहिल्यांदा माझ्यावर चिडला. संध्याकाळी स्वतःच जाऊन त्यानं ट्यूब बांधली."

मी नळवाल्याकडं वळलो. "गावानं मारलं, मी रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं. तरी एक शब्द नाही?"

तो प्रथमच सलग बोलला. "मले अक्षर त्यायनं शिकवलं, सायेब. मी नाव सांगतलं असतं तं लोकं त्यायच्या दारात गेले असते. म्हातारा मानूस, बायको दवाखान्यात. मी तं ठान्यात होतो. ठान्यात मले कोन मारते?" मग थोडं थांबून म्हणाला, "अन् चूक माही बी आहे. मोटर लागली तवाच मी आळीत सांगाले पाह्यजे होतं, का आजचं पानी पिऊ नका. मले वाटलं, पावडरीनं मरून जाईन सगळं."

ठाण्यात आपण सुरक्षित आहोत, असं त्यानं धरलं होतं, आणि मी टेबलावर त्याच्या अटकेचे कागद ठेवून आलो होतो. त्याच्यासमोर उभं राहणं मला जड गेलं. गावासमक्ष मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं. माफ कर." तो संकोचला. हात जोडणार होता, मी ते धरून ठेवले.

मोटर पंचनामा करून पंचायतीच्या ताब्यात दिली. दंडात्मक कारवाई पंचायतीनं केली, गुरुजींनी ती मान खाली घालून स्वीकारली. त्यानंतर आळीतल्या आणखी पाच घरांनी आपापल्या मोटरी आणून दिल्या. अर्ध्या तासापूर्वी त्याच लोकांनी मला सांगितलं होतं की गावात एकही मोटर नाही.

मी नळवाल्याला म्हणालो, "चल, तुला घरी सोडतो."

"घरी नको, सायेब. टाकीवर सोडा. कालपासून गावाले नळाचं पानी नाही."

पाइप नालीतून उचलून वरच्या अंगानं टाकायला आणि टाकी धुवायला तीन दिवस लागले. तोवर आरोग्य पथकाचा अहवालही आला: विष नव्हतं, नालीची घाण होती. आजारी माणसं एकेक करून घरी आली. कुणीही दगावलं नाही, हे मी त्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मानतो. चौथ्या दिवशी पाणी सोडायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. नळवाल्यानं खालच्या आळीचा नळ उघडला, पेला भरला आणि सगळ्यांदेखत आधी स्वतः प्यायला. मग त्या मुलीचा बाप पुढं झाला. पोरगी त्याच्या कडेवर होती, हाताला अजून सलाईनची पट्टी. त्यानं नळवाल्याच्या हातातून तोच पेला घेतला, भरून मागितला आणि रिकामा केला.

आशा सेविका बाजूला उभी राहून बाटलीत पाणी भरत होती. मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "उद्या काळी नाही झाली तवा माना, सायेब." ती काळी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून कळवलं.

लोक मला विचारतात, पोलिसात एवढी वर्षं काढून काय शिकलात? तपास म्हणजे गुन्हेगार शोधणं, असं मी नवीन असताना मानायचो. या गावानं मला शिकवलं की आधी गुन्हा झाला आहे का, हे शोधायचं असतं. संतापलेल्या दोनशे माणसांचं म्हणणं आणि माझा अनुभव एकाच बाजूला उभे होते. दुसऱ्या बाजूला होती एक बाई, तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या हातात चार बाटल्या होत्या.

माझ्या हातून काही चांगल्या अटका झाल्या, त्यांची प्रशस्तिपत्रं घरात आहेत. पण देवापुढं हात जोडतो तेव्हा मला आठवते ती न झालेली अटक. त्या सकाळी आशाताईनं ऊन फार आहे म्हणून यायचा कंटाळा केला असता, तर एका सरळ माणसाच्या आयुष्यावर माझी सही कायमची राहिली असती.