घरमालकांच्या सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर

साठ सालानंतरची काही वर्षं मी म्युनिकजवळच्या एका लहान गावात भाड्याच्या खोलीत राहिलो. रोज सकाळी आगगाडीने इन्स्टिट्यूटला जायचं, पोलादाच्या नमुन्यांवर डॉक्टरेटचं काम करायचं आणि संध्याकाळी परतायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे परदेशात मला टेबल, दिवा आणि शिकवणारी माणसं मिळाली याचंच अप्रूप फार होतं. शिकवणाऱ्यांत मी माझ्या घरमालकांनाही धरतो.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची आणि ती कुठली, कुणासाठी बनवलेली, हे शोधायचं हा त्यांचा नाद. युद्धानंतर शस्त्रं ठेवायला बंदी आली तेव्हा त्यांनी ती तेलकट कागदात गुंडाळून सफरचंदाच्या झाडाखाली पुरली होती. मी गेलो तेव्हा ती माडीवरच्या काचेच्या कपाटात होती, सगळी निकामी केलेली. रविवारी दुपारी ते मला वर बोलवायचे. माझी डॉक्टरेट व्हायची होती, तरी हाक मात्र ‘हेर डॉक्टर’ अशीच.

"काय दिसतं, हेर डॉक्टर?"

"बेल्जियमचं असावं."

"असावं नको. काय दिसतं?"

"लंबगोलात तीन अक्षरं. वर मुकुट."

"हां. तो तिथल्या तपासणीचा शिक्का. आता म्हणा बेल्जियम."

प्रत्येक रिव्हॉल्व्हरला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे. पुढच्या बाजूला लोखंड काय सांगतं ते, मागच्या बाजूला माणसं काय सांगतात ते. एक तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्या चिठ्ठीवर पुढे होतं, ‘सायकलस्वारांचं, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांसाठी.’ मागे होतं, ‘विकणारा म्हणतो, एका सरदारणीचं.’

"सरदारणीला कुत्री चावत नाहीत वाटतं?" घरमालकीणबाई कॉफी ठेवता ठेवता म्हणाल्या.

घरात एकाच रिव्हॉल्व्हरला चिठ्ठी नव्हती. ते खाली बैठकीच्या खोलीत, बाईंच्या वडिलांच्या फोटोखाली मखमलीवर ठेवलेलं असे. लांब नळीचं, जड, मुठीच्या टोकाला कडी असलेलं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर. वडील बाईंच्या लहानपणीच गेले. ते बव्हेरियाच्या घोडदळात होते असं आई सांगायची आणि बाई शाळेपासून सगळ्या गावाला तेच सांगत आल्या होत्या. दर शनिवारी त्या ते पावडरने घासून आरशासारखं लख्ख करत. घरमालकांना मात्र हात लावू देत नसत.

"माझ्या वडिलांना चिठ्ठी लावायची नाही," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी गावच्या छोट्या संग्रहालयाने हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी घरमालकांचा संग्रह मागितला. वडिलांचं रिव्हॉल्व्हर अगदी मध्यभागी असावं आणि त्याखाली ‘घोडदळातल्या स्वाराचं’ असं लिहिलेलं असावं, अशी बाईंची इच्छा होती. सगळं गाव ते वाचणार होतं.

"मला एकदा बघू दे, मग लिहितो," घरमालक म्हणाले.

"चाळीस वर्षं माझ्याशी संसार केलास आणि पुरावा मागतोस, म्हाताऱ्या?"

दोघंही हटायला तयार नव्हते. जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जाऊ लागलं.

अशातच ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्या घरी शस्त्रं कधीच नव्हती. वडील त्या दिवशी गाडीचं जू आणि चाकं धुऊन त्यांना हळदकुंकू वाहत. मी खोलीत टेबलावर स्लाइड रूल, कंपास आणि भट्टीचा चिमटा मांडला आणि आईने दिलेल्या डबीतलं कुंकू लावलं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी समजावून सांगितलं.

"आमच्याकडे नोव्हेंबरात पाद्री घोड्यांना आशीर्वाद देतात. तसंच झालं," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. परत आल्या त्या हातातल्या बशीत वडिलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन. "यालाही लाव, बुब." त्या मला बुब, म्हणजे पोरा, म्हणत.

"ओलं नको!" जिन्यातून घरमालक ओरडले. "गंजेल!"

म्हणून मी मुठीच्या मागच्या पट्टीवर कोरडीच चिमूट बोटाने चोळली आणि हात जोडले. बाईंनीही जोडले.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बाईंनी फडक्याने कुंकू पुसलं. पट्टी लख्ख झाली, पण तिच्यावर बारीक लाल रेघा राहिल्या. वर्षानुवर्षं घासून झिजलेली अक्षरं चकाकीत कुणाच्या डोळ्याला दिसत नव्हती. त्यांच्या खाचांत कुंकू बसलं होतं. घरमालकांनी खिशातून भिंग काढलं आणि पहिल्यांदाच बाईंनी त्यांना अडवलं नाही.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

घरमालकांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"म्हाताऱ्या, काय दिसतं?"

"बी. म्हणजे बव्हेरिया. मग आकडा. मग टी."

"आर नाही? रायटर, म्हणजे स्वाराचा आर?"

"नाही. टी म्हणजे रसदीच्या घोडागाड्यांचं पथक."

बाईंनी भिंतीवरचा फोटो काढून मांडीवर घेतला. मिशीवाले वडील घोड्याशेजारी उभे होते. बाई बराच वेळ घोड्याकडे बघत राहिल्या.

"खोगीर नाहीये," त्या म्हणाल्या. "गळ्यात ओढायचा पट्टा आहे. जन्मभर बघतेय मी हा फोटो." मग थोड्या वेळाने, "घोड्यांच्या गोष्टी सांगायचे तेव्हा नेहमी दोघांची नावं एकत्र घ्यायचे. एकट्याचं कधीच नाही."

"माझे वडीलही बैलांची नावं अशीच जोडीने घेतात," मी म्हणालो.

"ते गाडी हाकतात?"

"हो. कापसाच्या गाठी वाहतात."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पुस्तकांकडे पाहिलं. घरमालक हळूच म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी तसंच.

"पण हे त्यांचंच आहे," बाई म्हणाल्या.

"ते लोखंड सांगत नाही."

"नाही सांगत. ते मी सांगते. मागच्या बाजूला लिही."

त्या शनिवारी त्यांनी रिव्हॉल्व्हर घासलं नाही. ते प्रदर्शनात द्यायचं की नाही, हे त्या सांगेनात आणि घरमालकांनीही विचारलं नाही. खोकी भरायची वेळ आली तेव्हा बाईंनी स्वतःच ते मखमलीसकट आणून वर ठेवलं.

प्रदर्शनात चिठ्ठीची पुढची बाजूच दिसत होती: ‘बव्हेरियाच्या रसदपथकाचं.’ पहिल्याच दिवशी शेजारचे निवृत्त खाटीक काचेवर वाकले. त्यांचा आवाज सगळ्या दालनात गेला.

"काय हो बाई, वडील घोडदळात होते ना?"

बाईंनी टोपी सारखी केली.

"नव्हते," त्या म्हणाल्या. "घोडदळाला जेवायला घालत होते. तुमच्या वडिलांनासुद्धा. आणि त्यांच्या गाडीचे ते दोन घोडे..." त्यांनी खाटिकांना दंडाला धरून काचेशेजारी उभं केलं आणि दोन्ही घोड्यांची नावं सांगून, जोडीतला डावीकडचा कसा खोडकर होता, ते सांगायला सुरुवात केली.