निकालाला थांबला नाही जब्बार

काळा कोट अंगात चढवत होतो, तेवढ्यात शमीमभाभींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताच्या खटल्याचा निकाल होता. मला वाटलं, कोर्टात किती वाजता यायचं ते विचारत असतील. "वकीलसाब, हे गेले हो…" एवढंच त्या म्हणाल्या. जब्बार दुकानात वेल्डिंग करता करता छातीत कळ येऊन कोसळला होता. रडू मागाहून आलं, आधी आला तो राग. एवढी वर्षं एकही तारीख न चुकवणाऱ्या माणसानं नेमका निकालच चुकवावा?

प्रकरण तसं चिमूटभर. आमच्या गेवराईहून गोदावरीकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर वाळूचे टिप्पर अडवायला लोखंडी कमान उभी केली होती. एका टिप्परनं तिला ठोकलं आणि वरचा आडवा पाइप निखळून मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या उंचीवर लोंबायला लागला. जब्बारनं तक्रारी केल्या, कुणी दखल घेतली नाही. मग एका संध्याकाळी कमानीजवळचा चहावाला दत्तू त्या पाइपावर आपटला आणि फुटलेली भुवई धरून जब्बारच्या दुकानात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जब्बार गॅस कटर घेऊन गेला, भर उजेडात पाइप कापला, रस्त्याच्या कडेला नीट ठेवला आणि दत्तूकडं चहा पिऊन परत आला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर सार्वजनिक मालमत्तेची तोडफोड केल्याचा गुन्हा दाखल झाला होता, आणि वाळूवाल्यांनी त्याला पैसे चारून रस्ता मोकळा करून घेतला, अशी गावभर बोंबही झाली होती.

मी म्हणालो, कबूल करून टाक, दंड भर आणि मोकळा हो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच पाइप लोंबवला होता.

"आन् वाळूवाल्याचा माणूस म्हणून मरू का बे?"

बरं, लढायचं तर वकिलाचं ऐकावं ना? ते नाही. आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा हलत होता, तर साहेब यायच्या आत खिशातून पाना काढून हा बोल्ट आवळायला लागला. सरकारी मालमत्तेला हात लावल्याचा खटला चालू, आणि हा भर कोर्टात सरकारी मालमत्तेला हात लावतोय. मी हातातला पाना हिसकावून घेतला. "हालत होता," एवढंच त्याचं म्हणणं.

सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार दत्तूच होता. जब्बारची सगळी भिस्त त्याच्यावर. तो खरं सांगेल, भुवई दाखवेल, पाइप का कापला ते एकदाचं लोकांना कळेल. दत्तू उभा राहिला आणि म्हणाला, मी काही पाहिलं नाही, मी यांना ओळखतही नाही. वाळूवाल्यांच्या वाटेवर टपरी चालवणाऱ्यानं दुसरं काय म्हणावं? मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. साक्षीदार फितूर झाला, म्हणजे अर्धा खटला खिशात. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, "खोटं बोलतोय साहेब ह्यो. कापला की म्या, ह्याच्या डोळ्यादेखत." मी डोक्याला हात लावला. आपल्याला वाचवणाऱ्या साक्षीदाराला खोटं पाडणारा आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता, पुढंही पाहणार नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुरावा न्हाई म्हणून सुटलो, तर लोकं म्हणतील वकिलानं सोडवला. मला तसं सुटायचं न्हाई." मी म्हणालो, मग दुसरा वकील बघ. त्यानं दुसरा वकील बघितला नाही. पुढच्या तारखेला माझ्या आधी येऊन बाकावर बसला होता.

निकालाच्या दिवशी मी एकटाच उभा राहिलो. आरोपी मयत, खटला बंद. दोषी नाही, निर्दोष नाही, काहीच नाही. सांत्वनाला गेलो तेव्हा भाभींनी विचारलं, "निर्दोष सुटले ना हे?" आयुष्यभर बोलून पोट भरलेला मी चपला शोधायला लागलो. कसा माणूस आहेस तू, जब्बार… एक दिवस थांबता आलं नाही?

आता कमान पुन्हा बसवली आहे, तिला पुन्हा कुणीतरी ठोकलं आहे, आणि पाइप पुन्हा लोंबतो आहे. परवा तिकडून येताना दत्तूच्या टपरीवर थांबलो. लोक मान खाली घालून त्या पाइपाखालून ये-जा करत होते. चहा गाळता गाळता दत्तू आपणहून म्हणाला, "जब्बारभाई असते तर ह्यो ठिवला नसता. माझं डोकं फुटलं म्हणून कापलता त्यांनी." बाकावरच्या माणसांनी माना डोलावल्या. वाळूवाल्यांचं नाव कुणी काढलं नाही.

"हे कोर्टात बोलायचं होतंस," मी म्हणालो.

दत्तू भुवईवरच्या वणावरून बोट फिरवत राहिला. मी चहा तसाच ठेवला, तणतणत स्कूटर काढली. पाइपाजवळ आलो, आणि माझीही मान आपोआप खाली गेली.