आबा सामान लावायचे

आबा मळवलीच्या एका बंगल्यावर राखणदार होते आणि त्या बंगल्यावरून निघणाऱ्या कुठल्याही गाडीत दुसऱ्या कुणाला सामान लावू द्यायचे नाहीत. रविवारची दुपार, पाहुण्यांना निघायची घाई, मला पुढचं भाडं गाठायचं, एक्सप्रेसवेला गाड्या तुंबलेल्या, आणि हे आपले हात मागे बांधून डिकीसमोर उभे. आधी सगळं सामान पायरीवर मांडायला लावायचे, मग नुसतं बघत राहायचे. जीव नकोसा व्हायचा माझा. इतकी वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, सामान काय मला लावता येत नाही? पण हे आबांना सांगणार कोण.

बघून झालं की हात चालू व्हायचे. जड ते तळाला, सीटच्या पाठीला चिकटवून. हलकं वर, पण सीटच्या पाठीपेक्षा उंच काही जायचं नाही. फट राहिली की तिथे टॉवेल, चपलांची पिशवी कोंबायची. मग हाताने हलवून बघायचं आणि काही सरकलं की सगळं पुन्हा बाहेर. मागे कुणी बसणार नसलं तरी मागच्या सीटचे पट्टे लावायचे, म्हणजे सामानाचा रेटा आला तर सीटला आधार. औंढे गावचे हे आबा तरुणपणी भाताच्या ट्रकवर क्लिनर होते. तिथे काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. "ब्रेक मारला की गाडी थांबती डायवर, सामान थांबत न्हाई," एवढंच म्हणायचे.

एकदा एका बाईंनी ऐन वेळी चिवड्याचा स्टीलचा डबा मागच्या काचेपाशी ठेवला. मांडीवर लहान मूल. आबांनी दार धरून ठेवलं.

"ताई, त्यो डबा तुमच्या डोस्क्यामागं हाय. तितं न्हाई चालायचा."

"अहो, तासाभराचं तर अंतर आहे!"

"तास कशाला लागतोय? एक डाव ब्रेक बास झाला."

बाई फुगल्या, साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. आबांनी डबा काढून पुढच्या सीटमागे खाली दाबून बसवला, मगच दार सोडलं. मी वैतागून म्हणालो, "आबा, तुमच्यापायी माझी गिऱ्हाइकं तुटतील एक दिवस." त्यावर ते म्हणाले, "तुटू दे. डोस्की ऱ्हातील." पुढे कितीदा तरी घाटात करकचून ब्रेक मारला आणि मागून काहीच आवाज आला नाही. तेव्हा मनातल्या मनात त्यांना हात जोडले, तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

मग बंगला विकला गेला. नव्या मालकांना तो पाडून नवा बांधायचा होता. आबांची लेक तळेगावला असते. ती, जावई आणि चार वर्षांची नात त्यांना न्यायला आली, गाडी माझी. डिकीत नुकतीच बसवलेली सीएनजीची टाकी, वर वीतभर जागा. तिथे अंथरुणं आणि कपड्यांची गाठोडी बसली. पुढे माझ्याशेजारी जावई, मागे तिघं. आणि पायरीवर राहिला पाटा-वरवंटा.

तो आबांच्या बायकोचा. त्या मावशींना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर आबा स्वतःच त्यावर ठेचा वाटायचे, मिक्सरचं नाव काढू द्यायचे नाहीत. लेक म्हणाली, "आबा, ठिवा वरती कपड्यांवर. आईचा हाय." आबा बराच वेळ बघत राहिले. वर ठेवला तर ब्रेकला सरळ पोरीच्या मानेवर येणार. खाली जावयाच्या पायापाशी ठेवला तर त्याची नडगी, मागे ठेवला तर नातीचे पाय. दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. मी म्हणालो, "आबा, हळू चालवतो की." पाट्यावरून एकदा हात फिरवून ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच."

मला बघवेना. "सोमवारी रिकाम्या गाडीतून आणून देतो," मी म्हणालो. आबांचा चेहरा एवढा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या सोमवारी अंग ठणकत होतं. पुढच्या सोमवारी भाडं आलं. त्याच्या पुढच्या सोमवारी काय होतं ते आता आठवतही नाही. शनिवार-रविवार घाटात क्लच दाबून दाबून माणूस इतका दमतो की सोमवारी घरच्यांशी बोलायचंही नको वाटतं. पण ही सबब झाली. आबांनी एकदाही फोन केला नाही. तिसऱ्या महिन्यात गेलो तर तिथे बंगलाच नव्हता. राडारोडा कुठल्या भरावात गेला, कुणाला सांगता येईना.

तसाच तळेगावला गेलो. "आबा, पाटा गेला. मला उशीर झाला. चुकलं माझं." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणला असतास तर कुटं ठिवला असतास?"

"माझ्या सीटमागे, खाली."

"व्हय, तितंच. पर गोधडीत गुंडाळून. आन वरवंटा येगळा, दुसऱ्या बाजूला. गोधडी मी काढून ठिवली हुती."

दाराजवळच्या स्टुलावर ती घडी घालून ठेवलेली होती. गाडीचा हॉर्न वाजला की आबांना लगेच माझ्याबरोबर पाटा आणायला निघता यावं म्हणून.